‘फेंट’ कधी लिहावे आणि कधी लिहू नये : नर्सिंगच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शक

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला मराठी माध्यमातून आलेल्या मुलामुलींना मी नाशिकमध्ये इंग्रजी शिकवते. ही मुले सुरगाणा, पेठ, कळवण, सिन्नर, येवला अशा ठिकाणांहून येतात आणि काही महिन्यांतच त्यांना कॅज्युअल्टीच्या टेबलाशी उभे राहून, रुग्ण मराठीत जे सांगतो ते केसपेपरवर इंग्रजीत उतरवावे लागते. ताप, खोकला, उलटी या शब्दांची इंग्रजी रूपे त्यांना पहिल्याच आठवड्यात येतात आणि त्यांत सहसा चूक होत नाही. ज्या शब्दापाशी दरवर्षी बहुतेक सगळे अडखळतात, तो शब्द म्हणजे ‘फेंट’. दिसायला तो लहान आहे आणि शब्दकोशात त्याच्यापुढे ‘मूर्च्छा येणे, भोवळ येणे’ असा अर्थही छापलेला असतो; पण तेवढ्यावर विसंबून लिहिलेली नोंद रुग्णाला चुकीच्या दिशेने नेऊ शकते. म्हणून या एका शब्दावर मी दोन पूर्ण तास घेते, आणि त्यांत जे सांगते तेच येथे क्रमाने मांडले आहे.

सिन्नरजवळच्या गावी राहणारी माझी मावशी काही वर्षांपूर्वी अंगणात पाण्याचा हंडा उतरवताना कोसळली. शेजारणीने ते पाहून हाका मारल्या, पण ती धावत जवळ येईपर्यंत मावशी आपणहून उठून बसली होती. शहरातल्या एका रुग्णालयात आणल्यावर काय झाले असे विचारताच ती म्हणाली, ‘चक्कर आली.’ टेबलाशी बसलेल्या शिकाऊ मुलीने ते इमानदारीने इंग्रजीत लिहिले : ‘गिडीनेस सिन्स मॉर्निंग.’ त्या एका ओळीवर पुढची तपासणी झाली, चक्करेच्या गोळ्या मिळाल्या आणि मावशी घरी परतली. आठवड्याने ती पुन्हा कोसळली, तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी मावशीऐवजी शेजारणीला विचारले, ‘पडल्यावर हाक मारली तर ओ देत होत्या का?’ शेजारीण म्हणाली, ‘नाही. डोळे उघडे होते, पण ओळख नव्हती.’ मग ईसीजीवर लक्ष ठेवले गेले, हृदयाचे ठोके मध्येच थांबतात असे दिसून आले आणि तिला पेसमेकर बसवावा लागला. त्या शिकाऊ मुलीला मी आजही दोष देत नाही, कारण मावशीने ‘चक्कर’ म्हटले होते आणि मुलीने चक्करेचा इंग्रजी शब्द लिहिला होता. तिला कोणी हे सांगितले नव्हते की मराठीतली चक्कर आणि इंग्रजीतला फेंट या दोन शब्दांची कुळेच वेगळी आहेत.

ती कुळे आधी पाहू, कारण ती समजली की पुढचे नियम पाठ करावे लागत नाहीत. आपल्या भाषेने या अनुभवाला नाव देताना फिरणे पकडले आहे. चक्कर म्हणजे चाकासारखे फिरणे. भोवळ हा शब्द भोवऱ्याच्या घराण्यातला. घेरी या शब्दात घेर ऐकू येतो. इंग्रजी ‘फेंट’मध्ये मात्र फिरण्याचा मागमूसही नाही. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याच्या मागे ‘घडवणे, रचणे’ या अर्थाचे लॅटिन क्रियापद आहे. सुरुवातीला त्याचा अर्थ ‘बनावट, खोटा’ असा होता. ढोंग करणे या अर्थाचा ‘फेन’ हा शब्द त्याचाच भाऊबंद आहे. बनावट म्हणजे ज्यात दम नाही असा, म्हणून पुढे ‘भित्रा, निर्जीव’ आणि मग ‘दुबळा, क्षीण’ असा अर्थ सरकत गेला, आणि शक्ती क्षीण होऊन माणूस भान हरपून पडतो ही छटा त्यात नंतर मिसळली. थोडक्यात, मराठी माणूस ‘मी फिरलो’ असे सांगतो आणि इंग्रजी शब्द ‘तो क्षीण झाला’ असे सांगतो. या दोन्हींच्या मध्ये जे खरोखर घडले, ते शोधणे हे टेबलाशी उभ्या असलेल्या विद्यार्थ्याचे काम आहे.

पहिली पायरी : ‘चक्कर’ ऐकल्यावर पेन उचलू नये

रुग्णाने चक्कर, भोवळ, घेरी किंवा झीट यांपैकी कोणताही शब्द वापरला तरी त्याचे लगेच भाषांतर करू नये. ‘काका, चक्कर म्हणजे नेमके काय झाले?’ असे विचारून थांबावे आणि त्यांना त्यांच्या भाषेत सांगू द्यावे. ‘घर गरगर फिरायला लागले, कुशीवर वळलो की पुन्हा सुरू होते’ असे उत्तर आले तर ते फिरणे आहे आणि त्याला इंग्रजीत ‘व्हर्टायगो’ किंवा सरळ ‘स्पिनिंग सेन्सेशन’ म्हणतात. येथे ‘फेंट’ लिहिणे साफ चूक ठरेल. ‘डोळ्यांपुढे अंधारी आली, दरदरून घाम सुटला, आता पडतो की काय असे वाटले, पण भिंतीला धरून बसलो’ असे उत्तर आले तर माणूस पडण्याच्या काठावर होता, आणि येथे ‘फेल्ट फेंट’ हा प्रयोग बरोबर बसतो. ‘मला काही आठवत नाही, डोळे उघडले तेव्हा चार जण भोवती होते’ असे उत्तर आले तरच ‘फेंटेड’ हा शब्द विचारात घ्यावा. चौथेही एक उत्तर असते आणि ते फार वेळा येते : ‘नुसते गळून गेल्यासारखे वाटते.’ तेथे ‘वीकनेस’ पुरेसे आहे.

‘गिडीनेस’ हा शब्द आपल्याकडच्या रुग्णालयांत सर्रास चालतो आणि तो लिहिला म्हणून कोणी तांबडी रेघ मारणार नाही, पण तो मराठी चक्करेइतकाच पसरट आहे. वरच्या चारही उत्तरांवर तो बसतो, म्हणूनच तो एकटा लिहून थांबू नये.

‘लाइट-हेडेड’ या शब्दाविषयी विशेष सावधगिरी बाळगावी लागते. त्याचा शब्दशः अर्थ ‘डोके हलके’ असा होतो आणि आपल्याकडे डोके हलके झाले म्हणजे बाम चोळल्यावर डोकेदुखी गेली, बरे वाटले! इंग्रजीत मात्र ‘लाइट-हेडेड’ म्हणजे भोवळ येण्याच्या बेतात असणे. एका विद्यार्थिनीने पहिल्याच आठवड्यात एका आजींचे ‘आता डोके हलके वाटते, जाऊ द्या घरी’ हे वाक्य ‘नाऊ फीलिंग लाइट-हेडेड’ असे लिहिले होते. वाचणाऱ्याने आजींना घरी सोडण्याऐवजी पुन्हा आडवे करून बीपी तपासले. तेथे नुकसान झाले नाही, पण उलट दिशेची चूक झाली असती तर झाले असते.

दुसरी पायरी : उच्चार आणि कान

फेंट म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला हलके टेकवून ‘फ’ काढावा आणि ‘ए’ किंचित लांबवून त्याच्या शेपटीला ‘इ’ची चाहूल द्यावी : फेइन्ट. ‘ए’ आखूड आणि ‘न’ पुसट झाला की ऐकणाऱ्याला ‘फेट’ किंवा त्याहून वाईट म्हणजे ‘फिट’ ऐकू येते. ‘फिट’ हा शब्द मराठीत आणि इंग्रजीतही आकडीसाठी वापरला जातो. फोनवर वरिष्ठांना ‘पेशंटला फेंट आली’ असे घाईघाईने सांगणाऱ्या विद्यार्थ्याचे बोलणे पलीकडे ‘फिट आली’ असे ऐकले जाण्याची पुरेपूर शक्यता असते, आणि या दोन प्रसंगांत धावपळ निराळी, औषधे निराळी. म्हणून फोनवर हा शब्द एकटा वापरूच नये. ‘फेंटेड, नो जर्किंग’ असे जोडून सांगावे, किंवा मराठीत सरळ ‘शुद्ध हरपली होती, झटके नव्हते’ असे म्हणावे.

भूतकाळी रूपाचा उच्चार ‘फेन्टिड’ असा दोन अवयवांचा, म्हणजे दोन उच्चारखंडांचा होतो, कारण शेवटी ‘ट’ असलेल्या क्रियापदाला ‘-एड’ लागले की ‘इड’ स्पष्ट ऐकू येतो. आपली मुले ‘फेन्ट्ड’ असे काहीतरी गिळून टाकतात. तो ‘इड’ गिळू नये, कारण पुढच्या पायरीत दिसेल त्याप्रमाणे सगळा भार त्याच्यावरच आहे.

कानाची आणखी एक परीक्षा नाशिकमध्ये वारंवार येऊ शकते. २०१५ नंतरचा पुढचा सिंहस्थ २०२७ मध्ये आहे आणि त्या काळात रामकुंडापासून त्र्यंबकेश्वरापर्यंत मदतकक्षांवर नर्सिंगचे विद्यार्थी उभे राहतील. समोर देशोदेशींचे यात्रेकरू असतील. ऑस्ट्रेलियातल्या अनेकांच्या बोलण्यात ‘ए’ हा स्वर ‘आइ’कडे झुकतो, त्यामुळे त्यांचे ‘आय फील फेंट’ आपल्या कानाला ‘आय फील फाइन्ट’ असे लागते, आणि गर्दीत शेवटचा ‘ट’ हरवला की ते ‘फाइन’ होते. आपल्याला बरे वाटते असे माणूस सांगतो आहे, असे समजून विद्यार्थी मान डोलवून पुढे जाईल आणि तो माणूस मागे घाटाच्या पायरीवर कोसळेल. अशा वेळी शब्दावर न जाता चेहऱ्याकडे पाहावे. ओठ पांढरे पडले असतील, कपाळावर घाम असेल, हात आधार शोधत असेल, तर ‘फाइन’ ऐकू आले तरी ते ‘फेंट’ आहे असे धरून त्याला तेथेच खाली बसवावे, शक्य असल्यास आडवे करून पाय थोडे उंच ठेवावेत आणि मगच पुढचे प्रश्न विचारावेत.

तिसरी पायरी : ‘फेल्ट फेंट’ आणि ‘फेंटेड’

हा या लेखाचा गाभा आहे आणि येथे घाई करू नये. ‘फेंट’ हा शब्द इंग्रजीत विशेषणही आहे आणि क्रियापदही आहे. ‘शी फेल्ट फेंट’ या वाक्यात तो विशेषण आहे : तिला भोवळ आल्यासारखे वाटले, पण ती शुद्धीवर होती. ‘शी फेंटेड’ या वाक्यात तो क्रियापद आहे : तिची शुद्ध हरपली आणि ती परतही आली. मराठीत ‘भोवळ आली’ हे एकच वाक्य दोन्हीकडे चालते. ‘भोवळ आली म्हणून बसले’ असेही आपण म्हणतो आणि ‘भोवळ येऊन पडले’ असेही म्हणतो. फरक ‘बसले’ आणि ‘पडले’ यांनी कळतो. इंग्रजीत तो फरक ‘फेंट’ या शब्दाच्या रूपातच साठवलेला आहे, म्हणून त्या रूपाकडे दुर्लक्ष करता येत नाही.

पुढचे रूप ‘इज फेंटिंग’. हे चालू काळातले असल्यामुळे माणूस डोळ्यांदेखत कोसळतो आहे असा त्याचा अर्थ होतो. गेल्या महिन्याभरात तीन वेळा असे झाले आहे असे सांगायचे असेल तर ‘हॅज फेंटेड थ्री टाइम्स इन द लास्ट मंथ’ असे लिहावे. आपली मुले ‘पेशंट इज फेंटिंग सिन्स वन मंथ’ लिहितात, कारण मराठीत ‘महिन्यापासून चक्कर येते आहे’ हे अगदी सुरळीत वाक्य आहे. इंग्रजी वाचणाऱ्याला मात्र ते महिनाभर चाललेले कोसळणे वाटते.

‘वॉज फेंटेड’ ही दुसरी नेहमीची चूक आहे. ‘बेशुद्ध झाला’ यातल्या ‘झाला’ची सावली इंग्रजीवर पडते आणि विद्यार्थी ‘ही वॉज फेंटेड’ असे लिहितो. फेंट हे क्रियापद अकर्मक आहे. कोणी कोणाला फेंट करत नाही. ‘ही फेंटेड’ एवढेच पुरते. उलट ‘ही वॉज फेंट’ असे लिहिले तर ते व्याकरणाने शुद्ध असूनही ‘तो क्षीण झाला होता, त्याला गळल्यासारखे होत होते’ असा वेगळाच अर्थ देते. नाम म्हणून वापरायचे असल्यास ‘फेल इन अ फेंट’ हा प्रयोग आहे, पण तो गोष्टींच्या पुस्तकातला आहे; केसपेपरवर ‘हॅड वन एपिसोड ऑफ फेंटिंग’ अधिक योग्य दिसते.

कशामुळे झाले हे जोडताना लागणारे शब्दयोगी शब्द मी विद्यार्थ्यांना फळ्यावर लिहून देते आणि ते तसेच्या तसे वहीत उतरवायला लावते. रक्त पाहून झाले तर ‘फेंटेड ॲट द साइट ऑफ ब्लड’. उन्हामुळे झाले तर ‘फेंटेड फ्रॉम द हीट’. उपवासाने नुसते गळल्यासारखे झाले असेल तर ‘फेंट विथ हंगर’. उठून उभे राहताच झाले तर ‘फेंटेड ऑन स्टँडिंग अप’. शेवटचे तीन शब्द डॉक्टरांसाठी फार मोलाचे आहेत. रुग्णाला आडवे ठेवून बीपी घेतल्यावर त्याला उभे केले आणि तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर उभे राहताना बीपी घसरते असे त्यातून कळते. पण ती तपासणी करायची की नाही हे ‘ऑन स्टँडिंग अप’ हे शब्द वाचूनच ठरते.

‘ड्युरिंग’ हा शब्दही तेवढ्याच दक्षतेने वापरावा. चैत्रात खानदेशातून पायी चालत सप्तशृंगगडावर येणारे भाविक उन्हाने आणि पाण्याच्या कमतरतेने भोवळून पडतात. त्यांतला एखादा गडाच्या पायऱ्या चढता चढता अचानक कोसळला आणि दुसरा वर पोहोचून दर्शनाच्या रांगेत बराच वेळ उभा राहिल्यावर कोसळला, तर आपल्या दृष्टीने दोघांनाही ‘गडावर चक्कर आली’. वैद्यकीयदृष्ट्या हे दोन प्रसंग सारखे नाहीत. श्रम चालू असताना शुद्ध हरपणे हे हृदयाच्या आजाराचे लक्षण असू शकते आणि त्याकडे जास्त गांभीर्याने पाहिले जाते. म्हणून पहिल्यासाठी ‘फेंटेड ड्युरिंग क्लाइंबिंग’ आणि दुसऱ्यासाठी ‘फेंटेड आफ्टर प्रोलाँग्ड स्टँडिंग’ असे स्पष्ट लिहावे.

चौथी पायरी : फेंट म्हणजे बेशुद्धावस्था नव्हे

‘फेंटेड’ या शब्दाच्या पोटात दोन गोष्टी गृहीत असतात : शुद्ध थोड्याच वेळासाठी गेली, आणि ती आपणहून परत आली. मेंदूकडे जाणारा रक्तपुरवठा क्षणभर कमी पडतो, माणूस आडवा पडला की तो पुन्हा पोहोचतो आणि साधारणपणे काही सेकंदांत, फार तर एकदोन मिनिटांत, डोळे उघडतात. म्हणून जो माणूस अजून उठलेलाच नाही त्याच्याविषयी ‘फेंटेड’ लिहू नये. त्याच्यासाठी ‘अनकॉन्शस’ किंवा ‘अनरिस्पॉन्सिव’ हे शब्द आहेत आणि ते वाचताच धावपळीचा वेग बदलतो. पंचवटीत वाढलेल्या मुलांना मी लक्ष्मणाचे उदाहरण देते. इंद्रजिताच्या शक्तीने लक्ष्मणाला मूर्च्छा आली असे आपण म्हणतो, पण हनुमान द्रोणागिरी घेऊन परत येईपर्यंत जो उठला नाही, त्याच्याविषयी इंग्रजीत ‘लक्ष्मण फेंटेड’ असे लिहिले तर प्रसंगाचे सगळे गांभीर्यच निघून जाईल. तेथे ‘फेल अनकॉन्शस’ हवे. मूर्च्छा या शब्दाला मुदत नाही, फेंटला आहे.

कोणी डोळ्यांसमोर कोसळला आणि मिनिटभरात शुद्धीवर आला नाही, तर शब्दांचा विचार तेथेच सोडून १०८ क्रमांकावर फोन करावा आणि श्वास नीट चालू आहे की नाही हे पाहावे; तो नसेल तर छाती दाबणे (सीपीआर) सुरू करावे. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. आपल्या जिल्ह्यात घरोघरी कांदा हाताशी असतो आणि तो फोडून नाकाशी धरण्याची सवयही जुनी आहे. त्यात वेळ घालवण्यापेक्षा पाय उंच करणे आणि गळ्याजवळचे कपडे सैल करणे अधिक उपयोगाचे आहे.

आकडी आणि फेंट यांतला फरक ठरवणे हे विद्यार्थ्याचे काम नाही. साध्या भोवळीतही हातपाय काही क्षण झटकले जाऊ शकतात, त्यामुळे झटके दिसले की ‘फिट’ आणि न दिसले की ‘फेंट’ असा हिशोब मांडू नये. जे पाहिले किंवा पाहणाऱ्याने सांगितले तेवढेच लिहावे : झटके किती वेळ होते, जीभ चावली गेली का, कपड्यांत लघवी झाली का, आणि जागे झाल्यावर माणूस लगेच ओळखीचे बोलला की बराच वेळ गोंधळलेला होता. हा शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचे उत्तर कोणतेही यंत्र देत नाही. ते फक्त सोबत आलेल्या माणसाला ठाऊक असते आणि तो माणूस पाचदहा मिनिटांत रिक्षाचे पैसे द्यायला बाहेर निघून जातो.

पाचवी पायरी : पुसट, फिकट, मंद

‘फेंट’ दिसला की कोणीतरी बेशुद्ध पडले असे समजू नये, कारण विशेषण म्हणून तो रोजच्या कामात निराळ्याच अर्थाने येतो. त्यासाठी मराठीत आपल्याकडे एक नव्हे, चार शब्द आहेत : रंगासाठी फिकट, रेघेसाठी पुसट, आवाजासाठी मंद, नाडीसाठी क्षीण. गरोदरपणाची तपासणी करण्याच्या पट्टीवर दुसरी रेघ अगदी अस्पष्ट उमटली तर ‘अ फेंट लाइन’ असे लिहितात. एका विद्यार्थिनीने हे वाक्य वाचून त्या बाईला भोवळ आली होती असे हँडओव्हरमध्ये, म्हणजे पाळी सोपवताना सांगितले. ती बाई मात्र समोरच्या बाकावर पट्टी हातात धरून, ती पुसट रेघ खरी की खोटी याची वाट पाहत बसली होती. तिला त्या क्षणी हवे होते ते एवढेच, की कोणीतरी नीट वाचून सांगावे.

‘फेंट पल्स’ म्हणजे बोटांना जेमतेम लागणारी नाडी. ‘फेंट मर्मर’ म्हणजे स्टेथोस्कोपने लक्षपूर्वक ऐकावी लागणारी हृदयातली मंद घरघर. ‘आय हॅव नॉट द फेंटेस्ट आयडिया’ असे कोणी म्हणाले तर त्याला मुळीच कल्पना नाही असा अर्थ घ्यावा.

सहावी पायरी : शेजारचे शब्द

‘पास आउट’ हा बोलीतला शब्द आहे आणि इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांच्या तोंडी तो ‘फेंट’पेक्षाही अधिक येतो. अडचण अशी की आपल्याकडे ‘मी २०१९ ची पासआउट आहे’ असे आपण शिक्षण पूर्ण झाल्याविषयी म्हणतो. त्यालाही आधार आहे : त्र्यंबक रोडवरच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत उपनिरीक्षकांचे प्रशिक्षण संपते तेव्हा दीक्षान्त संचलन होते, त्यालाच ‘पासिंग आउट परेड’ म्हणतात. अशा संचलनात ताठ आणि निश्चल उभे राहिल्यामुळे पायांचे स्नायू रक्त वर ढकलत नाहीत, ते पायांत साचते आणि एखादा धडधाकट तरुण कोसळतो; म्हणजे ‘पासिंग आउट’च्या दिवशी तो दुसऱ्या अर्थानेही ‘पास आउट’ होतो. विद्यार्थ्यांनी परदेशी रुग्णाशी बोलताना स्वतःच्या शिक्षणासाठी ‘ग्रॅज्युएटेड’ म्हणावे आणि ‘पास्ड आउट’ हा शब्द शुद्ध हरपण्यासाठी राखून ठेवावा.

‘ब्लॅक आउट’ या शब्दाने तीन वेगळे अर्थ होतात. कोणी त्याने डोळ्यांपुढची अंधारी सांगतो, कोणी शुद्ध जाणे सांगतो आणि कोणी दारूनंतर आठवणीतून पुसलेली रात्र सांगतो. रुग्णाने तो वापरला तर त्याच्याच शब्दांत, अवतरणात लिहावा आणि खाली खुलासा करावा. ‘कोलॅप्स्ड’ फक्त कोसळणे सांगतो. शुद्ध होती की नव्हती याविषयी तो काहीच सांगत नाही, म्हणून ज्या प्रसंगाला साक्षीदार नाही तेथे तोच सर्वांत प्रामाणिक शब्द आहे.

‘स्वून’ हा शब्द कथाकादंबऱ्यांत भेटेल. त्याचाही अर्थ मूर्च्छित होणे असाच, पण आज तो बहुधा कोणावर भाळून जाणे, आनंदाने हरखून जाणे यासाठी वापरला जातो. केसपेपरवर त्याला जागा नाही.

सातवी पायरी : ‘सिंकोपी’

डिस्चार्ज कार्डावर मात्र वरचा एकही शब्द नसतो. तेथे ‘सिंकोपी’ असतो. हा ग्रीक शब्द असून त्याच्या मुळाशी तोडणे, छाटणे हा अर्थ आहे. त्याचा उच्चार ‘सिं-क-पी’ असा तीन अवयवांचा करावा. ‘सिनकोप’ असा करू नये. व्याकरणातही हाच शब्द आहे आणि तेथे तो शब्दाच्या मधला ध्वनी गळण्याला म्हणतात. ‘माणूस’ला ‘ला’ लागला की मधला ‘ऊ’ गळून ‘माणसाला’ होते, तसेच काहीसे. जागेपणाच्या सलग धाग्यातला मधला तुकडा गळला आणि दोन्ही टोके पुन्हा जुळली, असे चित्र डोळ्यांपुढे ठेवले तर हा शब्द विसरत नाही. काठावरून परत आलेल्यासाठी ‘प्री-सिंकोपी’ हा शब्द आहे, म्हणजेच तिसऱ्या पायरीतले ‘फेल्ट फेंट’. रक्त पाहून, वेदनेने, भीतीने किंवा बराच वेळ उभे राहून येणाऱ्या साध्या भोवळीला ‘व्हेसोव्हेगल सिंकोपी’ म्हणतात.

विद्यार्थ्याने मात्र ‘सिंकोपी’ हा शब्द आपण होऊन लिहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तो निदानाच्या वाटेवरचा शब्द आहे आणि तो लिहिला की पुढचा माणूस प्रश्न विचारणे थांबवतो. विद्यापीठाच्या परीक्षेत तो अवश्य लिहावा. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ म्हसरूळला, आपल्या दाराशीच आहे, पण परीक्षेतले उत्तर आणि केसपेपर यांचा वाचक वेगळा असतो. नातेवाइकांनी ‘सिंकोपी म्हणजे काय हो सिस्टर, मोठा आजार आहे का?’ असे विचारल्यास ‘थोडा वेळ शुद्ध हरपली होती, तिचे कारण डॉक्टर शोधत आहेत’ एवढे शांतपणे सांगावे. तो आजाराचे नव्हे, घटनेचे नाव आहे, हे त्यांना कळले की चेहऱ्यावरची निम्मी भीती जाते.

आठवी पायरी : नोंद लिहिणे आणि वाचून दाखवणे

आता मावशीच्या प्रसंगाची नोंद कशी व्हायला हवी होती ते लिहून दाखवते, कारण हीच नोंद मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. ‘पेशंट फेंटेड ॲट होम ॲट अबाउट सेव्हन ए. एम. व्हाइल लोअरिंग अ वॉटर पॉट. नो वॉर्निंग. अनरिस्पॉन्सिव फॉर अबाउट हाफ अ मिनिट, आइज ओपन, ॲज टोल्ड बाय नेबर. नो जर्किंग. रिकव्हर्ड ऑन हर ओन, नॉट कन्फ्यूज्ड. पेशंट सेज, “चक्कर आली”.’

या नोंदीत एकही अवघड शब्द नाही. ‘नो वॉर्निंग’ हे दोन शब्द विचारल्याशिवाय मिळत नाहीत. आधी घाम, मळमळ, अंधारी असे काही झाले होते का, असे विचारावे लागते, आणि काहीच न होता एकदम कोसळणे हे डॉक्टरांना हृदयाकडे पाहायला लावते. ‘ॲज टोल्ड बाय नेबर’ हे शब्द माहिती कोणाकडून आली ते सांगतात. शेवटी रुग्णाचा मूळ मराठी शब्द देवनागरीतच ठेवला आहे. तसा ठेवण्यास डॉक्टर सहसा हरकत घेत नाहीत, कारण तो समोर असला की आपले भाषांतर चुकले असल्यास तेही त्यांना पडताळता येते.

लिहून झाल्यावर कागद घेऊन रुग्णाशेजारी बसावे आणि त्याचे पुन्हा मराठी करून सांगावे : ‘मावशी, मी असे लिहिले आहे, की हंडा उतरवताना तुमची शुद्ध गेली, आधी काही जाणवले नाही, अर्ध्या मिनिटाने तुम्ही स्वतःच उठलात. बरोबर आहे का?’ यावर पुष्कळदा रुग्ण मान हलवता हलवता थांबतो आणि म्हणतो, ‘हो, पण मागच्या आठवड्यातही एकदा झाले होते, तेव्हा मी कोणाला सांगितले नाही.’ ते ऐकले की खाली आणखी एक ओळ लिहावी, तिच्यापुढे वेळ घालावी आणि मग सही करावी.